पडणाऱ्या नायकाचा सूर : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळमालिकेच्या निमित्ताने

प्रास्ताविक



निवेदक, दृष्टिकोन आणि चौकटकथा या संकल्पनांचा परिचय तुम्हांला यापूर्वी झाला आहे. या लेखात आपण ‘सूर’ ही संकल्पना समजून घेणार आहोत. कथनात्म साहित्याविषयी लिहिताना हा शब्द आपण वारंवार वापरतो आणि बहुतेक वेळा त्याच्यामागे एक विशेषण जोडून मोकळे होतो. ‘या कादंबरीचा सूर गंभीर आहे’, ‘लेखकाने येथे उपरोधिक सूर लावला आहे’ अशी वाक्ये उत्तरपत्रिकांत सर्रास आढळतात. ती चुकीची असतात असे नाही. परंतु त्यांच्यापाठी पुरावा क्वचितच असतो. सूर गंभीर आहे हे कशावरून? गंभीर घटना घडतात म्हणून? मृत्यूची घटना सांगतानाही निवेदक मिस्कील असू शकतो आणि लग्नाच्या पंगतीचे वर्णन वाचतानाही मन विषण्ण होऊ शकते. म्हणजे सूर घटनेत नाही. मग तो शोधायचा कोठे?

आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे. आश्रमातील मित्र रात्री एकत्र जमतात आणि श्याम त्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो. ऐकणारे समोर बसले आहेत, ते त्याच्यावर प्रेम करणारे आहेत आणि ज्या आईविषयी तो बोलतो आहे ती आता नाही. या तीन गोष्टींमुळे त्या निवेदनाला जो ओलावा येतो, तो आठवणींतील घटनांमुळे येणाऱ्या ओलाव्याहून वेगळा आहे. हेच प्रसंग एखाद्या त्रयस्थ चरित्रकाराने तारीखवार नोंदले असते, तर घटना जशाच्या तशा राहिल्या असत्या. सूर मात्र निघून गेला असता. कोण सांगतो, कोणाला सांगतो आणि सांगताना त्याचे काय पणाला लागलेले असते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून सूर तयार होतो, असे आपण तूर्त कामापुरते गृहीत धरू.

हे गृहीतक तपासण्यासाठी या लेखात मुद्दाम एक अपरिचित क्षेत्र निवडले आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ ही साहसी व्हिडिओ गेमची मालिका १९८९ मध्ये सुरू झाली आणि तिचे नवे भाग २०२४ पर्यंत येत राहिले. इतक्या दीर्घ काळात निर्माते बदलले, तंत्र बदलले. पण एक तरुण, एक राजवाडा, सापळे, तलवार आणि काळाशी शर्यत एवढे कथाबीज बव्हंशी टिकून राहिले. बीज तेच आणि सूर निराळा, अशी तुलना करण्याची संधी अभ्यासकाला सहसा मिळत नाही. तुमच्यापैकी अनेकांनी असे खेळ कधी खेळले नसतील. त्याने काही अडत नाही. एवढेच लक्षात ठेवा की, कादंबरीचा नायक मरतो तो एकदाच. व्हिडिओ गेमचा नायक खेळणाऱ्याच्या चुकीमुळे शंभर वेळा मरतो आणि प्रत्येक वेळी पुन्हा उभा राहतो. कादंबरीकाराला कधीही न पडणारा एक प्रश्न त्यामुळे खेळाच्या लेखकापुढे उभा राहतो : नायक पडतो, तेव्हा कथेने काय करायचे? या मालिकेचा बदलता सूर आपण त्या पडण्याच्या क्षणापाशीच उभे राहून ऐकणार आहोत.

साठ मिनिटे

पहिला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ अमेरिकेतील जॉर्डन मेकनर या तरुणाने जवळजवळ एकट्याने तयार केला आणि ब्रॉडरबंड या कंपनीने तो ‘अ‍ॅपल टू’ या संगणकासाठी प्रकाशित केला. पुढल्याच वर्षी तो इतर संगणकांवर आला. १९९० नंतरच्या दशकात ज्यांनी आपल्याकडे संगणकाचा वर्ग लावला असेल, त्यांना पांढऱ्या कपड्यांतील तो चिमुकला धावणारा माणूस कदाचित आठवत असेल.

सुलतान युद्धावर गेला आहे. वजीर जाफर याने सत्ता बळकावली आहे. राजकन्येने तासाभरात त्याच्याशी लग्नाला होकार द्यावा, नाहीतर मरावे. तिचे ज्याच्यावर प्रेम आहे तो परदेशातून आलेला तरुण तळघराच्या कोठडीत पडला आहे. खेळणाऱ्याला साठ मिनिटे मिळतात. त्या साठ मिनिटांत तळघरातून मनोऱ्याच्या टोकापर्यंत पोहोचायचे.

पाय चुकला की नायक खोल खाली कोसळतो, किंवा जमिनीतून वर येणाऱ्या टोकदार सुळ्यांवर पडतो. संगीताचे दोन-चार स्वर वाजतात आणि थांबतात. कोणी हळहळत नाही, कोणी काही बोलत नाही. तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो; मात्र घड्याळ मागे जात नाही. तुमच्या चुकीत गेलेली मिनिटे कायमची गेली. सुरुवातीच्या थोड्याशा मजकुराखेरीज येथे निवेदक जवळपास नाहीच. पंचनामा लिहिणारा जसा मेलेल्याबद्दल मत देत नाही, तसे हे जग नायकाबद्दल काही मत देत नाही.

तरीही हा खेळ कोरडा वाटत नाही. त्याचे कारण नायकाच्या देहात आहे. मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्या चित्रणावरून एकेक आकृती रेखाटली. तलवारीच्या झुंजीसाठी त्यांनी १९३८ च्या रॉबिन हुडवरील चित्रपटातील द्वंद्वाचा आधार घेतला. संगीत त्यांच्या वडिलांचे. त्यामुळे पडद्यावरचा तो माणूस धावताना तोल सावरतो, कठड्याला बोटांनी लोंबकळतो, जपून एकेक पाऊल टाकतो. त्याला वजन आहे. ज्याला वजन आहे तो पडला की दुखते. निर्विकार जग आणि जिवंत देह यांच्या विसंगतीतून या पहिल्या भागाचा सूर निर्माण होतो आणि माझ्या मते त्या काळच्या खेळांत हा सूर फार दुर्मीळ होता. त्यात ओलाव्याचा असा प्रसंग एकच आहे. नायक बंद दारामागे अडकतो, तेव्हा राजकन्येने पाठवलेला पांढरा उंदीर येतो आणि दार उघडणारी कळ दाबतो. त्या लहानशा जिवाची धाव पाहून खेळणाऱ्याला पहिल्यांदा जाणवते, की वर कोणीतरी आपली वाट पाहत आहे.

या भागातील आणखी एक प्रसंग नीट लक्षात ठेवा. तो पुढे लागणार आहे. वाटेत एक आरसा आडवा येतो. त्यातून उडी मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उडी मारताच नायकाची बहुतेक प्राणशक्ती हरपते आणि त्याची सावली आरशाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडून पळून जाते. ही सावली पुढे त्याला छळत राहते आणि शेवटी तलवार उपसून समोर उभी ठाकते. तिच्यावर वार केला, की जखम आपल्यालाच होते. उपाय एकच : तलवार म्यान करायची आणि तिच्याकडे चालत जायचे. दोघे एकरूप होतात. या कल्पनेचा उगम मोठा व्यावहारिक आहे. संगणकाच्या तुटपुंज्या स्मृतीत नव्या शत्रूची चित्रे साठवायला जागा उरली नव्हती. म्हणून नायकाचीच चित्रे थोडा फेरफार करून पुन्हा वापरली गेली. अडचणीतून आलेली ही सावली पुढे मालिकेला पंधरा वर्षे पुरली.

‘असे घडलेच नव्हते’

मेकनर यांनी १९९३ मध्ये दुसरा भाग केला. १९९९ चा त्रिमितीय भाग इतरांनी केला आणि तो फसला. या दोहोंवर आपण थांबणार नाही. आपला खरा विषय सुरू होतो तो २००३ मध्ये. युबिसॉफ्ट कंपनीच्या कॅनडातील मॉन्ट्रियल येथील स्टुडिओने ‘द सँड्स ऑफ टाइम’ हा भाग तयार केला. पॅट्रिस देझिले यांचे दिग्दर्शन होते आणि लेखन पुन्हा मेकनर यांचे होते.

या खेळाच्या आरंभी एक तरुण रात्री कोणाच्या तरी दालनाच्या सज्जावर येऊन उभा राहतो आणि बोलू लागतो. तो आपली कथा सांगत आहे आणि आपण जे खेळतो ती त्याने सांगितलेली कथा आहे. वडिलांच्या सैन्याबरोबर त्याने हिंदुस्थानातील एका महाराजाच्या वाड्यावर हल्ला केला. कर्तृत्व दाखवण्याच्या हौसेपायी एक खंजीर लुटला. महाराजाच्या फितूर वजिराच्या सांगण्यावरून, लुटून आणलेल्या प्रचंड वाळूच्या घड्याळात तो खुपसला. काळाची वाळू बाहेर पडली आणि राजवाड्यातली माणसे राक्षस झाली. वाचले ते तिघे : हा राजपुत्र, तो वजीर आणि बंदिवान म्हणून आणलेली महाराजाची मुलगी फराह. त्या खंजिरात काळ थोडा मागे फिरवण्याची शक्ती आहे. पहिल्या भागात जी गोष्ट अशक्य होती, तीच आता नायकाच्या हातात आली.

आता पडण्याचा क्षण पाहा. खंजिरातली वाळू संपली असताना राजपुत्र कड्यावरून कोसळतो, पडदा अंधारतो आणि निवेदकाचा आवाज येतो : नाही, नाही, असे घडले नव्हते, मी पुन्हा सांगतो. खेळणाऱ्याची चूक ही निवेदकाची बोलण्यातली चूक ठरते. मृत्यू खरा नव्हता, सांगणाऱ्याची जीभ घसरली, एवढेच. खेळ थांबवून ठेवायचा म्हटले, तर पुढच्या वेळी येथूनच गोष्ट पुढे सांगेन, असे आश्वासन तो देतो. आपण खेळत आहोत हे तो विसरू देत नाही आणि गोष्ट ऐकत आहोत हेही विसरू देत नाही. सूर हलका, किंचित बढाईखोर, स्वतःवर हसणारा आहे. वाटेत फराहशी होणाऱ्या कुरबुरीही याच सुरात आहेत. ती भिंतीच्या फटीतून सहज पलीकडे जाते, तो उड्या मारत लांबच्या वाटेने पोहोचतो आणि मनाशी पुटपुटत राहतो.

मात्र हा निवेदक कोणाशी बोलतो आहे? आपल्याशीच, असे आपण शेवटपर्यंत धरून चालतो. शेवटी फराह त्याला वाचवण्यासाठी हात सोडून देते आणि मरते. तो खंजीर पुन्हा घड्याळात खुपसतो, काळ उलटा धावतो आणि हल्ल्याच्या आधीच्या क्षणापाशी येऊन थांबतो. काहीच घडलेले नाही. कोणी मेलेले नाही. फराह जिवंत आहे आणि ती त्याला ओळखत नाही. तो रातोरात तिच्या सज्जावर चढतो. आरंभी पाहिलेले दालन तिचे होते. ही सगळी कथा तो तिला सांगत होता, वजिराच्या कपटाबद्दल सावध करण्यासाठी.

आता मागे वळून त्या विनोदी सुराकडे पुन्हा पाहा. ‘मी मेलो, नाही, मेलो नाही’ असे म्हणणारा तो माणूस, जिने आपल्यासाठी जीव दिला त्या मुलीसमोर उभा आहे आणि तिच्या डोळ्यांत परक्या माणसाबद्दलचा संशय आहे. त्याचे प्रेम फक्त त्याच्या आठवणीत उरले आहे. थट्टा केल्याशिवाय त्याला ही कथा सांगताच आली नसती. आठ-दहा तास आपण ज्या सुराला हलकाफुलका समजत होतो तो प्रत्यक्षात संकोचाचा, आर्जवाचा सूर होता. घटनांची एक ओळही न बदलता केवळ श्रोता कोण हे कळल्याने सूर पूर्ण पालटतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला अन्यत्र सापडलेले नाही.

ती कथेवर विश्वास ठेवत नाही. इतकी अद्भुत कथा रचण्याचे कारण काय, असे विचारते. तोही वाद घालत नाही; ती निव्वळ गोष्ट होती असे म्हणून खंजीर तिच्या हाती देतो. जाताना ती त्याचे नाव विचारते. संपूर्ण मालिकेत या राजपुत्राला नाव नाही. तो उत्तरादाखल एक शब्द उच्चारतो : ‘काकोलूकीयम्’. फराहला लहानपणी आईने शिकवलेला हा शब्द तिने त्या पुसल्या गेलेल्या काळात त्याला सांगितला होता.

मराठीच्या विद्यार्थ्याचे कान येथे टवकारले पाहिजेत. ‘काकोलूकीयम्’ हे पंचतंत्रातील तिसऱ्या तंत्राचे नाव आहे. कावळे आणि घुबडे यांच्या वैराची ही कथा. कालच्या शत्रूने आश्रय मागितला तर त्याच्यावर विश्वास टाकावा का, हा तिचा प्रश्न. आणि रात्री सज्जावर चढून आलेला हा राजपुत्र कोण? तिच्या वडिलांच्या वाड्यावर हल्ला करायला निघालेल्या सैन्यातला. पंचतंत्राचा प्रवासही याच वाटेने झाला आहे. सहाव्या शतकात इराणच्या खुश्रू अनुशिर्वानच्या दरबारातील बुर्झोय याने ते पहलवीत नेले आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने ते ‘कलीला व दिमना’ या नावाने अरबीत आणले. गोष्टीच्या पोटात गोष्ट सांगण्याची ही रीत ‘अरेबियन नाइट्स’मध्ये शिगेला पोहोचली. ती मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि हरि कृष्ण दामले यांच्या भाषांतरामुळे रुळली, तर पुढे गौरी देशपांडे यांनी सोळा खंडांत ती समग्र आणली. तेथे शहरजाद गोष्ट सांगते ती स्वतःचा जीव वाचवण्यासाठी. येथे राजपुत्र गोष्ट सांगतो ती ऐकणारीचा जीव वाचवण्यासाठी.

कोणी ऐकत नाही

अवघ्या एका वर्षाने, २००४ च्या अखेरीस, ‘वॉरिअर विदिन’ आला. पहिल्या भागाचे समीक्षकांनी भरभरून कौतुक केले होते. त्याची लढाई मात्र एकसुरी आहे, अशी तक्रारही होती. नव्या भागात लढाई विस्तारली, ही सुधारणाच होती. पण तिच्याबरोबर आणखी बरेच काही बदलले. राजपुत्राचा आवाज देणारा कलाकार बदलला. युरी लोवेन्थल यांच्या तरुण, किंचित गोंधळलेल्या आवाजाच्या जागी घोगरा, संतापलेला आवाज आला. पार्श्वभूमीला ‘गॉडस्मॅक’ या अमेरिकी बँडची कर्कश गाणी आली. शत्रूंची मुंडकी उडू लागली, नायकाच्या तोंडी शिवी आली, स्त्री-पात्रांच्या अंगावरचे चिलखत अपुरे झाले. आधीचा भाग किशोरवयीनांना चालणारा होता. हा अमेरिकेत सतरा वर्षांवरील खेळाडूंसाठी ठरवला गेला. मेकनर यांचा या भागाच्या लेखनात सहभाग नव्हता. हिंसा, संवाद, दृश्यशैली यांपैकी काहीच आपल्या रुचीचे नाही, असे त्यांनी २००५ मध्ये उघडपणे म्हटले.

येथे समीक्षकाने घाई करू नये. ‘सूर काळा झाला म्हणून भाग वाईट’ हे विधान टिकणारे नाही. या कथेला काळे होण्याचे कारण आहे. ज्याने काळ पुसला त्याला काळ सोडत नाही. ‘दहाका’ नावाचा काळाचा रक्षक सात वर्षे राजपुत्राच्या मागावर आहे, कारण त्याने त्या दिवशी मरायला हवे होते. हे नाव अवेस्तातील ‘अझी दहाक’ या राक्षसावरून आलेले आहे. सात वर्षे झोप न मिळालेला माणूस विनोद कसे करील? आणि रचनेच्या दृष्टीने येथे एक अत्यंत हुशार प्रसंग आहे. खेळाच्या पूर्वार्धात एक काळी आकृती राजपुत्राभोवती घुटमळताना दिसते. उत्तरार्धात तो एक मुखवटा चढवतो, तीच आकृती बनतो आणि आधी घडलेले प्रसंग दुसऱ्या बाजूने जगू लागतो. १९८९ ची सावली परत आली आहे. फरक असा, की आता आपणच सावली आहोत.

मग बिघडले कोठे? आपले तीन प्रश्न विचारून पाहा. कोण सांगतो? कोणीच नाही, निवेदक काढून टाकला आहे. कोणाला सांगतो? राजपुत्र बोलतो ते शत्रूंशी, आव्हाने आणि धमक्या देत. त्याचे दुःख ऐकायला त्या बेटावर कोणी नाही. आणि पडण्याच्या क्षणी? ‘असे घडले नव्हते’ म्हणणारा आवाज नाहीसा झाला आहे. मृत्यू हा पुन्हा निव्वळ मृत्यू आहे. पहिल्या भागातही कोणी बोलत नव्हते, हे खरे. पण तेथे जग गप्प होते. येथे जग सतत ओरडते आणि नायकही ओरडतो. संताप व्यक्त होतो, तो कशातून आला हे मात्र ऐकू येत नाही. मला विचाराल तर या भागाचा दोष अंधारात नसून श्रोता नसण्यात आहे. बाजाराला ‘प्रौढ’ खेळ हवा होता आणि प्रौढपणा म्हणजे रक्त व कर्कशता असे समीकरण मांडले गेले. वास्तविक, आदल्या वर्षी एका मुलीसमोर हसत हसत आपले दुःख लपवणारा तो तरुण जास्त प्रौढ होता. याउलट, हा भाग आवर्जून पुन्हा पुन्हा खेळणारे लोकही बरेच आहेत आणि त्यांच्या मते पाठलागाची जी दहशत येथे आहे ती मालिकेत इतरत्र नाही. हे मतही तुम्ही विचारात घ्यावे.

दोन आवाज

२००५ चा ‘द टू थ्रोन्स’ हा तडजोडीचा भाग आहे आणि तडजोड असूनही तो चांगला आहे. लोवेन्थल यांचा आवाज परत आला. पण मधल्या भागातील संताप जणू झालाच नव्हता, असे लेखकांनी केले नाही. त्यांनी त्या संतापाला स्वतंत्र आवाज दिला. बॅबिलोनला परतलेल्या राजपुत्राच्या देहात काळाची वाळू शिरते आणि त्याच्या आत एक दुसरा, काळा राजपुत्र बोलू लागतो : उपहास करणारा, दया म्हणजे दुबळेपणा समजणारा, सत्तेसाठी आसुसलेला. दोघे चालता चालता भांडतात. मालिकेच्या दोन सुरांतला वाद एकाच माणसाच्या डोक्यात ऐकू येतो. निवेदकही परत आला आहे. मात्र आता निवेदन करते ती आरंभीच मारली गेलेली कायलीना. मेलेली स्त्री जिवंत माणसाची कथा सांगते आहे आणि म्हणून तिच्या बोलण्यात घाई नाही.

शेवटी वजीर मारला जातो आणि काळा राजपुत्र मनाच्या आत अखेरच्या झुंजीसाठी उभा राहतो. खेळणारा वार करत सुटतो. त्याचा उपयोग नाही. फराहचा आवाज त्याला बोलावतो. सोडून दे, असे सांगतो. पाठ फिरवून उजेडाकडे चालू लागले, की तो आवाज विरून जातो. तलवार म्यान करण्याचा १९८९ मधला तोच उपाय सोळा वर्षांनी पुन्हा आला आहे. त्यानंतर फराह विचारते, तुला माझे नाव कसे ठाऊक होते? तो सांगू लागतो. आणि ज्या वाक्यांनी २००३ चा भाग सुरू झाला होता, त्याच वाक्यांनी हा भाग संपतो. श्रोता परत मिळाला. या वेळी ती विश्वास ठेवील असे वाटते, कारण ती त्याच्याबरोबर चालून आली आहे.

नंतरचे भाग

पुढला प्रवास थोडक्यात पाहू. मॉन्ट्रियलमध्ये याच मालिकेचा म्हणून सुरू झालेला एक प्रकल्प वेगळा होऊन २००७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ या नावाने आला आणि कंपनीचे लक्ष बरेचसे तिकडे वळले. २००८ मध्ये मालिकेने सर्वस्वी नवी कथा घेतली. जलरंगात रंगवल्यासारखे दिसणारे जग, एक भटका तरुण आणि एलिका नावाची राजकन्या. अहरिमान आणि ओर्मझ्द ही जरथुश्त्री परंपरेतील नावे मुंबईच्या पारशी शेजाऱ्यांमुळे आपल्यातल्या काहींच्या कानांवरून गेलेली असतील. येथे त्यांचे युद्ध आहे.

पडण्याच्या क्षणाचे काय? नायक कड्यावरून घसरला, की एलिका हात पुढे करते आणि त्याला वर ओढून घेते. दर वेळी, न चुकता. तो मरूच शकत नाही. अनेक खेळाडू यावर चिडले; आव्हानच उरले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मला मात्र हा त्या भागाचा सर्वांत अर्थपूर्ण निर्णय वाटतो. शेवटी अहरिमानला बंदिस्त करण्यासाठी एलिका प्राण देते. शंभर वेळा तिच्या हाताने वाचलेला खेळाडू मग स्वतःच्या हाताने पवित्र वृक्ष तोडतो, तिला परत आणतो आणि अहरिमानला मोकळे करतो. हे चूक आहे, हे त्याला कळत असते. त्या हाताची सवय लागली नसती तर त्याने ते केले असते का? या भागात नायक आणि एलिका यांचे बरेचसे संभाषण ऐच्छिक ठेवले आहे. खेळणाऱ्याने कळ दाबली तरच ते बोलतात. श्रोता व्हायचे की नाही, हे त्याच्यावर सोपवले आहे.

२०१० चा ‘द फरगॉटन सँड्स’ त्याच वर्षीच्या चित्रपटाच्या जोडीने आला. तो जुन्या कथेतील मधल्या सात वर्षांत बसवलेला आहे. सुराच्या दृष्टीने त्यात नवे फारसे नाही. २०२४ च्या ‘द लॉस्ट क्राउन’मध्ये नायक राजपुत्र नाहीच. सरगॉन नावाचा योद्धा अपहृत राजपुत्राला शोधत काफ पर्वतावर जातो. तेथे सीमुर्ग आहे, काळाला लागलेला शाप आहे आणि पात्रांना फारसीत बोलते करण्याची सोयही आहे. पर्शियाच्या नावाने चाललेल्या मालिकेत फारसी प्रथमच अशी ऐकू आली. कुजबुजत सांगितलेल्या गोष्टीचा सूर जाऊन तेथे वीरकथेचा, अनेक पात्रांच्या गलबल्याचा सूर आला आहे आणि तो त्या कथेला शोभतो.

मधल्या काळात फराहची कथा आपल्या अगदी जवळ येऊन गेली. ‘द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने तयार करण्याची घोषणा २०२० मध्ये झाली तेव्हा ते काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे होते. पहिली झलक पाहून चित्रांवर टीका झाली आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेले. त्या टीकेत चेहरे आणि प्रकाशयोजना यांची चर्चा पुष्कळ झाली. निवेदकाच्या आवाजाचे काय होणार, याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

स्वतः करून पाहा

आपल्या भाषेतील एखादी दीर्घ साहसमालिका निवडा. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या कोणत्याही दोन कथा चालतील. बनेश फेणे ज्या प्रसंगात अडचणीत सापडतो तेवढाच प्रसंग दोन्ही कथांमधून काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. त्या क्षणी निवेदक कोठे आहे? तो बनेशबरोबर धापा टाकतो, की वाचकाकडे पाहून डोळे मिचकावतो? ‘ट्टॉक्’ हा आवाज ऐकू आल्यावर तुमची भीती वाढते की कमी होते, आणि कोणत्या शब्दामुळे? उत्तर लिहिताना ‘गंभीर’, ‘विनोदी’, ‘थरारक’ ही तीन विशेषणे वापरू नका. नंतर घरातल्या एखाद्या व्यक्तीला तोच प्रसंग तोंडी सांगा आणि ऐकणारी व्यक्ती बदलल्यावर तुमच्या सांगण्यात काय बदलले ते टिपून ठेवा. संपर्कसत्राला येताना ते टिपण बरोबर आणा.